दोन घोडे आणि वरचा मजला

लव्हाल्वा, ६ मार्च १९८८

बाबा,

तुमची बस पोचली असं धरून लिहिते आहे. गावाहून झेफेरिनोकाकांचा फोन नाही, तुमचाही नाही, म्हणजे पोचलातच. आपल्याकडे फोन वाईट बातमीसाठीच करतात.

आई बसपर्यंत आली नाही, कारण इमारतीची राखणदारीण म्हणून तिला जिना धुवायचा होता. जिना शनिवारी धुतात हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही. तुम्ही गेल्यावर तिनं खरंच बादली काढली आणि वरपासून खालपर्यंत सगळा जिना धुतला. चौथ्या मजल्यावरच्या मादाम लेस्क्यूर थांबून म्हणाल्या, आज कसं काय, इदालिना? तर म्हणाली, आज धूळ जास्त आहे.

सहा महिने, असं तुम्ही मला सांगितलंत. मांग्वाल्दच्या कारखान्यातल्या नव्या पोरांना दारं कशी बसवायची ते दाखवायचं आणि परत यायचं. आईला मात्र तुम्ही वेगळंच विचारलंत, हे तिनं काल बटाटे सोलता सोलता सांगितलं. इथला कारखाना बंद झाला, गाडीच आपल्या पोर्तुगीज मुलखात निघाली, तर आता आपणही कायमचे जाऊ, असं. ती हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. तुम्ही दोघं यापुढं एका घरात राहणार की नाही, ते तिच्या त्या न बोलण्यावर टांगलेलं आहे. आणि दोघंही मला काही विचारत नाही, नुसते माझ्याकडे बघता.

शेवटच्या दिवशी मी फाटकाबाहेर उभी होते, हे तुम्हाला माहीत नसेल. वर्तमानपत्रवाले होते, कॅमेरे होते. मला वाटलं होतं तुम्ही सगळे एकत्र बाहेर याल, कुणीतरी काहीतरी बोलेल. चाळीस वर्षं याच जागी ही गाडी बनली, त्यातली जवळजवळ वीस वर्षं तुमची. तुम्ही बाजूच्या लहान दारातून आलात. मला बघून म्हणालात, "भूक लागली." आपण घरी येऊन कोबीचं सूप प्यायलो.

आपल्या वस्तीच्या सांस्कृतिक मंडळानं या गाडीवर, सगळे जिला 'दोन घोडे' म्हणतात तिच्यावर, प्रदर्शन करायचं ठरवलं आहे. त्यातला मजकूर मी लिहावा असं मंडळाच्या मादाम व्हेरदिए म्हणाल्या. मी लगेच हो म्हटलं. आपल्या घराण्यात पहिल्यांदा कुणी पदवी घेतली आणि तीही इतिहासाची, तर तिचा उपयोग याहून चांगला कुठं होणार? मी त्यांना सांगितलं की माझे वडील पायी डोंगर ओलांडून चोरवाटेनं फ्रान्समध्ये आले, कारण गावात काम नव्हतं, आणि आता तेच काम ट्रकमध्ये बसून त्यांच्या गावापासून अर्ध्या तासावर गेलं आहे. त्या म्हणाल्या, किती सुंदर. मला सुंदर वाटलं नाही. फार लांबून फिरून आल्यासारखं वाटलं.

दारं बसवतानाचं काहीही लिहून पाठवा. चुकीच्या फ्रेंचमध्ये, पोर्तुगीजमध्ये, कसंही.

नोएमिया


लव्हाल्वा, २२ मे १९८८

बाबा,

तुम्ही लिहीत नाही. रविवारी फोन करता आणि आईशी बॉयलरबद्दल बोलता. मी तिच्या शेजारी बसलेली असते. ती फोनवर हात ठेवून मला विचारते, तुला काही सांगायचंय? आणि मी मान हलवेपर्यंत तुमच्याकडची नाणी संपलेली असतात.

मी तुम्हाला लिहून झालेल्या फलकांबद्दल सांगते. पहिल्या फलकावर सुरुवातीची गोष्ट. युद्धाच्या आधी, कंपनीच्या मोठ्या साहेबांनी अभियंत्यांना फर्मान दिलं की चार चाकांवर एक छत्री बनवा. तिच्यात लाकडी जोडे घातलेले दोन शेतकरी आणि पन्नास किलो बटाटे मावायला हवेत. तेल थोडं प्यायला हवं. नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतलं अंडं फुटता कामा नये. ती दिसते कशी याला काही महत्त्व नाही. कायद्यानं एकच दिवा लागत होता, म्हणून त्यांनी पहिल्या गाड्यांना एकच दिवा लावला. मग युद्ध आलं. जर्मनांच्या हाती लागू नये म्हणून तयार झालेल्या गाड्या मोडल्या, काही लपवल्या.

दुसरा फलक १९४८ चा. पॅरिसच्या प्रदर्शनात पडदा बाजूला झाला आणि लोक हसले. पत्र्याचा डबा म्हणाले. मग हसणारेच रांगेत उभे राहिले. गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. आधी खेड्यातले डॉक्टर, सुइणी, पाद्री, लहान शेतकरी, मग बाकीचे. रंग एकच, राखाडी. टाकीत तेल किती आहे ते बघायला काठी बुडवायची. काच पुसणारे दांडे चाकांच्या वेगावर चालत, म्हणजे चढावर पाऊस लागला की ते दमून जात. हे लिहिताना मला हसू आलं. हल्ली मी शाळेतून आले की माझंही तसंच होतं. जिथं शिक्षक आजारी पडतो तिथं मला पाठवतात. या महिन्यात तिसरी शाळा. मुलांची नावं पाठ होतात आणि मी निघते.

आईनं तुम्हाला अंड्यांची गोष्ट फोनवर सांगितली. तुमचा निरोप तिनं जसाच्या तसा दिला. "तिला म्हणावं, अंडी कुणाची होती ते आधी शोध." आणि आईनं तिचं जोडलं, कुणी खाल्ली तेही लिही.

हे मी फलकावर घेतलं असतं. मादाम व्हेरदिए म्हणाल्या, विनोद नको.

लाहसेनकाका मंडळात आले होते. तुम्ही डावी दारं आणि ते उजवी, हे मला ठाऊक होतं. पण पट्ट्यावर चढणं काय असतं, ते तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, पट्टा हळूहळू सरकत असतो, गाडी आपल्यापाशी येईल तेव्हा दार बसवायचं. पण ज्याचा हात जलद, तो पट्ट्याच्या उलट दिशेनं दोन-तीन गाड्या वर चढतो, त्यांचं काम आधीच उरकून टाकतो, मग तेवढा वेळ त्याचा स्वतःचा. सिगारेट ओढावी, भिंतीला टेकावं. सगळेच करायचे, मुकादमही बघून न बघितल्यासारखं करायचा.

"तुझा बाप सगळ्यांत वर चढायचा," लाहसेनकाका म्हणाले. "पण बसायचा नाही. मिळालेल्या वेळात आणखी वर चढायचा. शेवटी रंगवाल्यांच्या पायात यायचा आणि शिव्या खायचा. मी म्हणायचो, बेल्मीरो, कमावलेली मिनिटं खर्च कधी करणार? म्हणायचा, गावचं घर झालं की."

मी हे लिहून घेतलं, पण फलकावर लावलेलं नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय लावणार नाही.

नोएमिया


लव्हाल्वा, २ ऑक्टोबर १९८८

बाबा,

सहा महिने झाले. तुम्ही त्याबद्दल बोलला नाहीत, म्हणून मीही ऑगस्टभर बोलले नाही. आता कागदावर बोलते.

या वर्षी गाडी मी चालवली. दर उन्हाळ्यात स्पेन ओलांडताना मी मागे बसायचे, तेही मागची बैठक काढून टाकलेली असायची आणि मी चटईवर, फरशांच्या खोक्यांना टेकून. गावच्या घराच्या वरच्या मजल्याच्या सगळ्या फरश्या आपल्या गाडीनं, आपल्या दोन घोड्यांनी, वाहून नेल्या. नळ, दारांच्या कड्या, झुंबर. हात धुण्याचं बेसिन आईनं मांडीवर घेऊन आणलं होतं, तान्हं पोर आणावं तसं. बुर्गोसपाशी ती म्हणाली होती, याला आता दूध पाजू का? तुम्ही हसला होतात. तुम्ही हसलेलं मला एवढंच आठवतं असं नाही, पण ते नीट आठवतं.

यंदा मागे काही नव्हतं. घर पूर्ण झालं आहे.

आणि तुम्ही त्याच्या खाली राहता. खालच्या गाळ्यात, जिथं गाडी ठेवायची, तिथं शेगडी, टेबल, भिंतीशी लोखंडी खाट. मला माहीत आहे, गावातली परदेशी गेलेली सगळीच माणसं असं करतात. शेजारच्या आरमिंदाकाकू तर सासू वारली त्या एकाच दिवशी वर गेल्या. वर चकचकीत फरशी, बैठकीच्या खोलीत कोणी न बसलेले कोच, आणि सगळ्या गाद्यांवर दुकानातून आली तशी प्लास्टिकची कातडी. आई वर गेली, सगळं पुसलं, जोडे हातात घेऊन खाली आली आणि आपण गाळ्यात मोटारीच्या तेलाच्या वासात सार्डिन मासे भाजून खाल्ले.

पंधरा ऑगस्टला, गावच्या सणाच्या जेवणानंतर तिनं कॉफीचा कप घेतला, वर गेली आणि सज्जात खुर्ची टाकून बसली. काही करत नव्हती. डोंगर बघत होती. तुम्ही अंगणातून हाक मारलीत, "इदालिना, कपाचा डाग पडेल टेबलावर. वरचं पोरीसाठी आहे." ती उठली, कप घेऊन खाली आली. मी तिथंच उभी होते. वरचं जिच्यासाठी आहे ती मीच, आणि मी काही बोलले नाही.

परतीच्या वाटेवर आई सलामांकापर्यंत नकाशा मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "बॉयलरचा माणूस सोमवारी येणार आहे." तेवढंच.

तुम्ही परत येताय का, हे आता स्पष्ट लिहा. नसाल तर तसं लिहा. मी तिला वाचून दाखवणार नाही.

नोएमिया


लव्हाल्वा, २० नोव्हेंबर १९८८

बाबा,

उत्तर नाही. बरं.

प्रदर्शन काल उघडलं. मधोमध जुनी राखाडी गाडी उभी केली होती, तिच्याभोवती दोरी. लोक बरेच आले. मादाम लेस्क्यूर आल्या होत्या. त्या आणि त्यांचे यजमान तरुणपणी या गाडीतून काबूलपर्यंत गेले होते. छप्पर गुंडाळून तारे बघत झोपायचे. त्या म्हणाल्या, ती गाडी म्हणजे आमचं स्वातंत्र्य होतं. लाहसेनकाकांनी विचारलं, "मग परत कशा आलात?" त्या म्हणाल्या, विमानानं. लाहसेनकाकांनी फार आदरानं मान डोलावली.

आई चांगला कोट घालून आली. प्रत्येक फोटोसमोर थांबली. शेवटी माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, ह्यांचा नाही. मी म्हटलं, नावं आहेत. तुमची सगळ्यांची नावं मी दोन महिने गोळा केली होती. पोर्तुगीज, मोरोक्कन, युगोस्लाव्ह, ब्रतान्य प्रांतातून आलेले. जागा पुरेना म्हणून ती शेवटच्या फलकाच्या तळाशी बारीक अक्षरांत गेली. वाचायला वाकावं लागतं. मादाम व्हेरदिए वाईट बाई नाहीत. त्यांना खरंच वाटत होतं की जागा नाही. मी भांडले नाही, सकाळपासून खिळे ठोकत होते आणि पाय दुखत होते.

घरी आल्यावर एक गोष्ट मनातून जाईना. एवढे महिने मी त्या फर्मानाच्या प्रेमात होते. शेतकरी, बटाटे, अंडी. गरिबांसाठी कुणीतरी विचार केला, असं मला वाटायचं, आणि केलाच होता. पण ज्यांनी केला ते स्वतः लांब काळ्या गाड्यांतून फिरत होते. त्यांनी बसून ठरवलं की या लोकांना एवढं पुरे. झोळीसारखी बैठक पुरे, एक दिवा पुरे, रंग एकच पुरे. तुम्ही नेहमी म्हणता ना, जे नाही ते बिघडत नाही. मला ते वाक्य लहानपणी फार आवडायचं. गाडीला ते शोभतं. पण बाबा, तुम्ही ते माणसांनाही लावलंत. स्वतःला तर लावलंतच.

आणि तीच गाडी घासून पुसून दोरीच्या आत उभी केली की तिला कुणी हात लावत नाही. काल एका म्हाताऱ्यानं सवयीनं दार उघडायला हात पुढं केला, तर त्याला अडवलं.

हे पत्र मी टाकीन की नाही माहीत नाही.

(टाकते आहे.)

नोएमिया


लव्हाल्वा, ११ मार्च १९९०

बाबा,

सव्वा वर्षात मी तुम्हाला नाताळची कार्डं सोडून काही लिहिलं नाही. तुम्ही ऑगस्टमध्ये विचारलंही नाहीत. फोन चालू आहेत, आणि बॉयलर आता मलाही पाठ झाला आहे. पण आज जे लिहिते ते आई फोनवर सांगणार नाही, म्हणून.

इमारतीच्या मालकांची सभा झाली. दाराला आकड्यांचं कुलूप बसवणार आहेत. बटणं दाबली की दार उघडेल. जिन्यासाठी आठवड्यातून दोनदा बाहेरची माणसं येतील. आईची गरज नाही, आणि नोकरीबरोबर दारालगतची खोलीही जाते. सप्टेंबरअखेर रिकामी करायची आहे. मादाम लेस्क्यूर रडल्या. मग म्हणाल्या, मत मी विरोधातच दिलं होतं. आईनं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि पाणी दिलं.

तुम्हाला तिनं हे सांगितलं आणि तुम्ही लगेच म्हणालात, "मग ये की घरी. आता कोण अडवतंय?" मी तिच्या शेजारीच होते. तिनं विचारलं, कुठल्या घरी? तुमचा आवाज मला रिसीव्हरच्या बाहेरपर्यंत ऐकू आला, कुठल्या म्हणजे, आपलं एवढं मोठं घर बांधलंय. ती म्हणाली, मला बांधलेलं नको, राहतं हवंय. आणि फोन ठेवला. तुम्हाला वाटलं असेल लाइन तुटली. तुटली नव्हती.

नंतर ती बराच वेळ बोलली, माझ्याशी नाही, मटार सोलत होती त्यांच्याशी. त्यातलं जेवढं आठवतं तेवढं तिच्या शब्दांत देते. "वीस वर्षं मी तळमजल्यावर दाराशी राहिले. काचेचं दार, त्याला पडदा. येणारा-जाणारा आत डोकावतो. जेवताना, केस विंचरताना. टपाल आलं का, किल्ली आहे का, कुणी विचारलं होतं का. तुझे बाबा तिकडं गाड्यांना दारं लावत होते आणि मी इकडं दार राखत होते. आता म्हातारपणी माझ्या स्वतःच्या घरात मी पुन्हा तळमजल्यावर दाराशी राहू? आणि वरचं पुसायला जाऊ? तिथंही मी जिनाच धुवायचा?"

मी म्हटलं, आई, हे बाबांना सांग. ती म्हणाली, "त्यांना कळत नाही असं नाही. त्यांना भीती वाटते. वर राहायला लागलं की मग पुढं काही उरत नाही."

तर अट अशी आहे, बाबा. तिनं ती अट म्हणून घातलेली नाही, मी घालते आहे. शेगडी वर न्या. खाट वर न्या. आई येईल ती वर राहायला येईल. नाहीतर येणार नाही. मी जनव्हिलिएला एक लहान जागा बघितली आहे, तिथं ती माझ्याकडे राहील आणि तुम्ही दोघं रविवारी फोनवर बोलत राहाल, एक जण मरेपर्यंत.

हे कठोर वाटेल. मी चार वर्गांच्या वह्या तपासून लिहायला बसले आहे, गोड लिहायला त्राण नाही.

नोएमिया


लव्हाल्वा, २९ जुलै १९९०

बाबा,

रेडिओवर ऐकलं. शुक्रवारी संपली. शेवटची गाडी राखाडी होती, दोन छटांची. सुरुवातीलाही राखाडीच होती. निवेदक म्हणाला, एका युगाचा अंत, आणि मग हवामान सांगितलं.

त्याच संध्याकाळी तुमचा फोन आला, रविवार नसताना. आई बाहेर होती म्हणून मी उचलला. अडीच वर्षांत आपण दोघं फोनवर पहिल्यांदा बोललो. मी विचारलं, तुम्ही होतात का तिथं? तुम्ही म्हणालात, सगळे फोटो काढत होते, मी द्राक्षांना औषध मारायला गेलो. मी विचारलं, वाईट वाटलं का? पलीकडं नाणं पडल्याचा आवाज आला. मग म्हणालात, "पोरं चांगली होती. पण पट्ट्यावर चढायची नाहीत. गाडी येईपर्यंत बसून राहायची, गप्पा मारत." मी विचारलं, मग दारं नीट बसायची नाहीत का? म्हणालात, "बसायची की. नीटच बसायची."

हे तुम्ही ज्या आवाजात म्हणालात तो मी अजून ऐकते आहे.

मग विचारलंत, आई ऑगस्टला कधी निघणार. मी सांगितलं, यंदा निघणार नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. शेगडीचं मी विचारलं नाही. तुम्हीही सांगितलं नाहीत. तुम्ही म्हणालात की खालची जागा थंड असते उन्हाळ्यात, तिला सांग. मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि खिडकीतल्या कुंडीला पाणी घातलं.

आता तुम्हालाही काम नाही, तिलाही नाही. दीड हजार किलोमीटरवर दोघं आपापल्या तळमजल्यावर बसला आहात.

नोएमिया


जनव्हिलिए, १४ ऑक्टोबर १९९०

बाबा,

वरचा पत्ता बघा. मी आता इथं आहे. तुमच्याकडून निघाल्यावर सगळी शाई आणि सगळा धीर गोळा व्हायला दोन आठवडे लागले.

आईनं मला काही सांगितलं नव्हतं, हे तुम्हाला खरं वाटत नसेल. खोली रिकामी करायला चार दिवस उरले तेव्हा ती बाजारातून एक नवी शेगडी घेऊन आली, दोन चुलींची, आणि म्हणाली, मागची बैठक काढ. मी बैठक काढली. दोन घोड्यांची शेवटची खेप त्या शेगडीची. स्पेनमध्ये वारा असा होता की छपराचं कापड फडफडून आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि ते बरंच झालं.

अंगणात तुम्ही उभे होतात. तुम्ही शेगडी उतरवायला पुढं झालात आणि गाळ्याकडे वळलात. तेव्हा ती म्हणाली, "तिकडं नाही. मी वर राहायला आलेय. तुम्ही कुठं राहायचं ते तुम्ही ठरवा."

तुम्ही शेगडी हातात घेऊन किती वेळ उभे होतात. जड होती ती. मग वर नेलीत. पायऱ्यांपाशी जोडे काढलेत आणि अनवाणी नेलीत. मी त्या वेळी गाडीच्या मागं गेले, कारण मला बघायचं नव्हतं.

तिनं त्याच दिवशी सगळी प्लास्टिकं फाडून काढली. एक सोडून. माझ्या खोलीतलं तुम्ही काढू दिलं नाहीत.

परवा तिचा फोन आला, आरमिंदाकाकूंच्या घरून. आवाजात खोकला होता, पण बरी आहे. भिंतींना वास येतो म्हणाली, बंद ठेवलेलं बिघडतंच, पण खिडक्या उघड्या ठेवते. मग तुमचं सांगितलं. तुम्ही रोज दोन वेळा वर जेवायला येता. दारात जोडे काढता. खुर्चीच्या कडेला बसता, कॉड मासा कसा झालाय ते पाहुण्यासारखं सांगता, ताटली स्वतः धुता. आणि मग, बरंय, म्हणून खाली जाता झोपायला. तिच्या खोलीत का नाही, असं मी विचारलं. तर म्हणाली, "ते म्हणतात, तुझ्या पलंगाला सवय नाही माझी. माझ्या खोकल्यानं तुझी झोप मोडेल, म्हणतात. मी म्हटलं, मग पोरीच्या खोलीत झोपा. तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी चर्चमध्ये पाय पसरायला सांगितले. खालून त्यांचं चालणं ऐकू येतं मला. उशिरापर्यंत चालतात."

ती रडत नव्हती. दमलेली होती. मीही दमले आहे, बाबा, आणि तुम्ही आमच्या दोघींहून जास्त दमला आहात, हे मला पट्ट्यावरचं ऐकल्यापासून कळतं. तुम्ही वर चढत राहिलात. पुढच्या गाडीचं दार, त्याच्या पुढच्या गाडीचं दार, मग फरश्या, मग बेसिन, मग माझी खोली. ती खोली उरली आहे तोवर तुम्हाला थांबता येत नाही. कारण पोर अजून यायची आहे.

म्हणून हे लिहिते. गेली काही वर्षं दर ऑगस्टला तुम्ही विचारलंत, खिडकी या बाजूला हवी का त्या बाजूला, आणि मी त्या बाजूला म्हणाले. कपाट कसलं हवं, मी अक्रोडाचं म्हणाले. मला वाटायचं, तेवढं बोलल्यानं तुम्हाला बरं वाटतं. जूनमध्ये मी पक्क्या शिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण झाले. आईला सांगितलं होतं, तुम्हाला नाही. इथल्या शाळेत मला कायमची जागा मिळाली आहे. आता मुलांची नावं पाठ करून निघून जावं लागणार नाही. माझं घर इथं आहे. चौथा मजला, एक खोली, खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसतात आणि मला ते आवडतात.

मी गावाला राहायला येणार नाही. पुढच्या वर्षी नाही, लग्न झाल्यावर नाही, म्हातारपणी नाही. तुम्ही काही चुकीचं केलं म्हणून नव्हे. तुम्ही मला शिकवलंत, आणि शिकल्यावर मी इथली झाले. ती खोली माझी नाही, बाबा. आता ती कुणासाठीच राखायची नाही.

ऑगस्टमध्ये येईन, दरवर्षीसारखी, तीन आठवडे, पाहुणी म्हणून. पाहुणीची सोय खालच्या लोखंडी खाटेवर करा. मला ती चालेल. आणि तोवर ती रिकामी ठेवा, कारण ज्यांचं घर आहे त्यांनी वर झोपायचं असतं.

तुमची
नोएमिया